टोपीवाला कागद

छापखान्यात नवा आलेला मुलगा एक चूक हमखास करतो. ‘डमी काढ’ म्हटलं की डेमी काढतो. मीही काढला होता. पुस्तकाची कोरी नमुनाप्रत बांधायची सोडून १८ × २३ इंचांचा ताव घेऊन उभा राहिलो. डेमी म्हणजे मुळात फ्रेंच ‘अर्धा’, हे पुढे कळलं. नाव अर्ध्याचं, पण १५ × २० इंचांच्या क्राऊनहून चांगला दांडगा.

फुलस्केपने तर आपल्या सगळ्यांनाच टोपी घातली आहे. परीक्षेच्या पुरवण्या, कोर्टाचे अर्ज, असा हा भारदस्त कागद. ‘फुल’ म्हणजे पूर्ण, अशी माझी शाळेपासूनची समजूत. खरं नाव फूल्स कॅप. विदूषकाची घुंगरांची टोपी! पंधराव्या शतकापासून युरोपातले कागदवाले ती खूण तावात ठेवत. लगदा उचलायच्या साच्याच्या जाळीवर तार वाकवून शिवायची. तारेवर लगद्याचा थर पातळ बसतो, म्हणून ताव उजेडासमोर धरला की टोपी दिसते. क्राऊनमध्ये मुकुट, ‘पोस्ट’ नावाच्या तावात टपालवाल्याचं शिंग. पुढे चित्रं गेली, नावं मापांना चिकटून राहिली. त्यातही टोपीचा अख्खा ताव १३½ × १७ इंच. आपला फुलस्केप म्हणजे तोच ताव मधोमध दुमडून झालेला अर्धा!

ए-फोरला असलं पूर्वचरित्र नाही. एक चौरस मीटरचा ए-झिरो चारदा निम्मा केला की झाला ए-फोर. जर्मनीने १९२२ साली ठरवलेलं हे माप कितीही दुमडा, लांबी-रुंदीचं प्रमाण मोडत नाही. कटरवर उभं राहणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही, हे कबूल. २०२० पासून सर्वोच्च न्यायालयानेही ए-फोरच धरला. टोपी उतरली.

मराठी कादंबरी मात्र अजून बहुधा डेमी अष्टमांशातच निघते. ताव तीनदा दुमडायचा, हाडाच्या पट्टीने घडी दाबायची. घडी वाकडी गेली तर पुढची सगळी पानं तिरकी, आणि शिव्या बाइंडरला. गिऱ्हाईक विचारतं, अष्टमांश म्हणजे आठच पानं ना? आठच, पण दोन्ही बाजू छापलेली. बोलताना अख्ख्या पानालाही आणि त्याच्या एका बाजूलाही पानच म्हणतात, त्यामुळे तोंडी हिशेब जुळत नाही. मग मी रद्दीतला एक ताव ओढतो आणि त्याच्यासमोर घडी घालायला लागतो.