मोठी चाके

वार्षिकांकासाठी काही लिहून द्यावे, असा गुरुजींचा निरोप आला, तेव्हा मी उद्यमबागेतील कारखान्यात लेथपाशी उभा होतो. लेथवर एका जीपचे फ्लायव्हील चढविले होते. ज्या बाजूवर क्लचप्लेट टेकते, ती बाजू खरे तर आरशासारखी स्वच्छ असावयाची. पण तिच्यावर जागोजागी निळसर काळे डाग उमटले होते. लोखंड सुमारे 300 अंशांपर्यंत तापले म्हणजे त्यावर असा निळा रंग चढतो. माजी विद्यार्थ्याने शाळेच्या आठवणी लिहाव्यात, हा संकेत मला ठाऊक आहे. परंतु त्या डागांकडे पाहताना जी आठवण जागी झाली ती मोठी बोचरी आहे. आणि शाळेत शिकलेला एक धडा मी वेळेवर आठविला असता, तर ती आठवण घडलीच नसती. म्हणून तीच आज लिहितो.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडे रानाच्या कडेला आहे. पावसाळ्यात तिकडे जो पाऊस पडतो, तो बेळगावात राहणाऱ्यांना सांगून पटावयाचा नाही. गावापासून डांबरी सडकेपर्यंत दोन मैलांची कच्ची वाट. मध्ये एक ओढा, आणि ओढा ओलांडताच लाल मातीची उभी चढण. गावात चारचाकी अशी एकच होती, ती माझ्या थोरल्या काकांची जुनी डिझेल जीप. भाताची पोती, खताच्या गोण्या, लग्नाचे वऱ्हाड, आजारी माणूस, सारे काही तीच वाही. काका तिला कधी पळवीत नसत. ओढ्यापाशी आले, की ते गाडी पूर्ण थांबवीत, खालचा आखूड दांडा ओढून चारही चाकांचा लो गिअर टाकीत आणि बैलाच्या चालीने चढण चढत. मला त्या चालीचा कंटाळा येई.

सन 2009 मध्ये मी यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षात होतो. वाहन चालविण्याचा परवाना नुकताच हाती आला होता आणि डोक्यात मोठ्या चाकांच्या जीपगाड्यांची चित्रे भरली होती. आमच्या जीपला 28 इंच व्यासाची चाके होती. मी 32 इंची टायर शोधून काढले. जुनेच, पण नक्षी चांगली जाड. स्प्रिंगांखाली ठोकळे घालून गाडी उंच केली. पुढे जाड लोखंडी बंपर बसविला, वर सामानासाठी पिंजरा केला. काकांनी एवढेच विचारले, "ह्याने गाडीला काही होणार नाही नव्हे?" मी ऐटीने म्हणालो, "काका, चिखलात आता ती कुठंच अडकणार नाही." ते हसले आणि म्हणाले, "तू शिकतोस, तुला कळतंय." या वाक्याचे ओझे त्या दिवशी मला जाणवले नाही.

मे महिना मोठ्या थाटात गेला. सपाट रस्त्यावर गाडी उंच आणि देखणी दिसे. निघताना ती थोडी जड वाटे, म्हणून मी इंजिन अधिक रेटून क्लच हळूहळू सोडी. चढणीवर मध्येच थांबावे लागले, तर ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरी. त्यातही मला कौशल्य वाटे. जूनमध्ये एकदोनदा करपट वास आला. कोणी शेतात पालापाचोळा जाळीत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

जुलैतील एका रात्री शेजारच्या वृद्ध बाबांना दम्याचा जबर झटका आला. तालुक्याच्या दवाखान्यात नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. काका त्यांना मागे मांडीवर टेकवून बसले, बाबांचा मुलगा कंदील घेऊन शेजारी बसला, आणि गाडी मी हाती घेतली. ओढा पार झाला. काका मागून म्हणाले, "बाळ, लो गिअर टाक." मी म्हणालो, "नको काका, मोठी चाके आहेत, चढेल." खरे सांगावयाचे तर तो दांडा दोन महिन्यांत मी हलविलाच नव्हता, आणि थांबण्यात वेळ जाईल अशीही भीती होती. चढणीच्या मध्यावर चाकांनी मातीला पकड धरली, पण गाडी पुढे सरेना. मी इंजिन रेटले, क्लच अर्धा सोडला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. गाडीत धूर आणि करपट वास भरला. आधीच धापा टाकणारे बाबा त्या धुराने अधिकच घुसमटले. मग इंजिन नुसते ओरडू लागले आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. क्लच संपला होता.

काकांनी मला एक शब्दही बोलून दाखविला नाही. घोंगडीची झोळी करून चौघांनी बाबांना उचलले आणि भर पावसात डांबरी सडकेपर्यंत नेले. तेथे बऱ्याच वेळाने एक दुधाचा टेंपो मिळाला. बाबा वाचले. परंतु त्या चढणीवर कंदिलाच्या उजेडात मी त्यांचे निळे पडलेले ओठ पाहिले होते. ते मी आजही विसरलेलो नाही.

चौथ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून जीप बेळगावला आणली. मेस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवून क्लच बाहेर काढला. प्लेटचे अस्तर कोळशासारखे झाले होते. प्रेशर प्लेटवर आणि फ्लायव्हीलवर निळे डाग होते. मी आतील भुकटी फुंकून उडवू लागताच त्यांनी माझा हात धरला. पूर्वीच्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक; जुन्या गाडीत कोणते अस्तर आहे याचा भरवसा नसल्याने ती भुकटी ओल्या फडक्यानेच पुसावयाची. मग जीपकडे पाहून त्यांनी विचारले, "चाक मोठं केलास; पण चाकाला ओढणाऱ्याला विचारलास काय?"

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या शाळेतील साध्या यंत्रांच्या धड्यात आहे. फ्लायव्हील इंजिनाबरोबर फिरते; क्लचप्लेट गिअरबॉक्सच्या दांड्यावर असते; आणि प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा तिला फ्लायव्हीलवर दाबून धरतात. पेडल दाबले की ही पकड सुटते. गाडी उभी आणि इंजिन फिरते, या दोन स्थितींची गाठ घालताना प्लेट काही क्षण घसरतेच. दोन तळहात एकमेकांवर दाबून घासले म्हणजे जसे तापतात, तशी ती त्या क्षणांत तापते. सपाट जागी निघताना गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तेवढीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. हे क्षण थोडे असतील, तर ती उष्णता जाड लोखंडात मुरून हवेत निघून जाते. ते लांबले, तर अस्तर करपते.

आता चाकाचे पाहा. चाकाची त्रिज्या ही तरफेची भुजा होय. चाक 28 वरून 32 इंच झाले, म्हणजे भुजा सातव्या हिश्शाने वाढली. मागच्या क्राऊन-पिनियनचे प्रमाण 4 ला 1 असेल, तर ते आता जणू 3.5 ला 1 झाले. इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडीला अधिक वेग गाठावा लागतो. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने सपाट जागीच क्लचमधील उष्णता सुमारे 30 टक्क्यांनी वाढते. चढणीवर ही गोष्ट अधिक भयंकर होते. तेथे क्लचचा पुष्कळसा जोर गाडीला नुसते तोलून धरण्यातच खर्च होतो. पुढे ढकलण्यास थोडाच उरतो, म्हणून घसरण लांबते. पूर्वी ज्या चढणीवर क्लचचा निम्मा जोर तोलण्यात जाई, तिथे मोठ्या चाकांनी निम्म्याहून अधिक जातो आणि हिशेब मांडला तर उष्णता सुमारे दीडपट भरते. बंपरचे आणि पिंजऱ्याचे वजन मी यात धरलेलेच नाही. दहावीच्या परीक्षेत मला विज्ञानात उत्तम गुण होते. पण हे साधे गणित वहीत राहिले आणि वही माळ्यावर राहिली.

काकांच्या बैलचालीचे रहस्यही मला त्याच दिवशी उलगडले. लो गिअरने गाडीचा वेग निम्मा केला, की निघताना लागणारी गतिज ऊर्जा चौथाई होते आणि तितकीच कमी उष्णता क्लचवर येते. शिवाय चढणीचा भार इंजिनाला निम्मा वाटतो. काकांनी ऊर्जेचे सूत्र कधी पाहिले नव्हते. परंतु ओढ्यापाशी थांबून दांडा ओढणाऱ्या त्यांच्या हाताला ते ठाऊक होते. मात्र एक ध्यानात ठेवावे. आमच्यासारख्या जीपमध्ये हा गिअर चिखल, वाळू, खडी अशा निसरड्या जागीच वापरावयाचा; कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाके जखडून वळण घेतले, तर दांड्यांवर आणि गिअरांवर पीळ पडतो.

मी मेस्त्रींना म्हणालो, "मग जास्त ताकदीची प्रेशर प्लेट घालू या." ते म्हणाले, "घाल की. पेडल दगडासारखं होईल. क्लच घसरायचा थांबेल, मग ॲक्सल तुटेल. दुखणं जातंय कुठं? फक्त घर बदलतंय." उपाय मुळाशीच होता. मोठी चाके ठेवावयाची, तर पुढच्या आणि मागच्या दोन्ही क्राऊन-पिनियनचे प्रमाण त्या मानाने बदलावयास हवे. आमच्या हिशेबाने 4 च्या जागी सुमारे 4.57. दोन्हीकडचे प्रमाण सारखेच असावे लागते, नाही तर पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडत राहतील. तो खर्च आम्हाला झेपणारा नव्हता. म्हणून जुनी चाके परत आली, ठोकळे निघाले, बंपर आणि पिंजरा भंगारात गेला. फ्लायव्हील लेथवर साफ करून नवी क्लचप्लेट, नवी प्रेशर प्लेट आणि नवे रिलीज बेअरिंग बसविले. इंजिनाच्या मागचे ऑइल सीलही मेस्त्रींनी बदलले. तेलाचा थेंब प्लेटवर आला, की नवी प्लेटसुद्धा घसरू लागते.

गाडी हाती देताना त्यांनी चार गोष्टी बजावल्या, त्या मी आजही प्रत्येकाला सांगतो. पेडलला इंचभर मोकळा प्ले असलाच पाहिजे. तो नाहीसा झाला, तर पाय न ठेवताही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. चालविताना पाय पेडलवर विसावता कामा नये. चढणीवर थांबावयाचे, तर हँडब्रेकवर. क्लचवर कदापि नाही. आणि चिखलात गाडी रुतली, तर इंजिन रेटण्यापूर्वी खाली उतरावे, चाकांपुढची माती काढावी, टायरमधील हवा थोडी कमी करून त्याचा तळ पसरू द्यावा. एवढे करूनही करपट वास आला, तर थांबून क्लच निवू द्यावा. वास ही गाडीने मारलेली हाक असते. जूनमध्ये ती मी दोनदा ऐकली होती.

वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करण्यास कायद्याचीही मुभा नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम त्याविषयी आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठामपणे सांगितले आहे. परंतु खरे सांगतो, त्या रात्री कायदा मोडल्याची नव्हे, तर एका माणसाचा विश्वास मोडल्याची खंत मला अधिक वाटली. बाबा त्यानंतर चार वर्षे जगले. पायरीवर बसलेले दिसले, की मी मान खाली घालून जाई. एकदा त्यांनी हाक मारली आणि हसून म्हणाले, "पोरा, उंच जीप दिसायला लई चांगली होती बघ." त्यांच्या स्वरात राग नव्हता. राग असता, तर मला सोपे गेले असते.

पदविका झाल्यावर मी या कारखान्यात लागलो. करपलेली फ्लायव्हीले येथे वारंवार येतात. परवाचे ते फ्लायव्हील आणणारा तरुण चोर्ल्याच्या घाटाकडील खेड्यातला होता. मी डाग कापून काढले, पृष्ठभाग सपाट करून दिला आणि विचारले, "चाके किती इंची घातलीत?" तो अभिमानाने म्हणाला, "तेहेतीस!" मी म्हणालो, "छान. गावात दुसरी गाडी आहे?" त्याने नाही म्हणून मान हलविली. तेव्हा मी यंत्र बंद केले, त्याला बाकावर बसविले आणि ही हकीकत पहिल्यापासून सांगितली. ऐकून तो बराच वेळ गप्प होता. जाताना त्याने एकच विचारले, "जुनी चाकं अजून घरात आहेत. ती परत चालतील?"

मी म्हणालो, "चालतील. तीच चालतील."