उचलणाऱ्या हाताचे माप

विमानाने सायकल नेणारा प्रवासी म्हटला की डोळ्यांपुढे एखादा तरुण स्पर्धक उभा राहतो. आमच्या घरातून दरवर्षी विमानात चढणारी सायकल मात्र एकाहत्तर वर्षांच्या आणि गेली ९ वर्षे पार्किन्सन्सची सोबत असलेल्या गृहस्थांची, म्हणजे माझ्या यजमानांची आहे. ते विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून जातात आणि त्यांची सायकल सामानातून जाते. हा योग पाहून सामान घेणाऱ्या मुलीने एकदा मला हलकेच विचारले, "आजी, सायकल नातवाची का?" "नाही गं, आजोबांची," असे सांगितल्यावर तिला काय बोलावे ते सुचेना.

तिचा अचंबा समजण्यासारखा होता. पार्किन्सन्समध्ये काही रुग्णांचे पाऊल चालता चालता एकाएकी जमिनीला खिळते. दाराच्या उंबऱ्याशी, लिफ्टच्या तोंडाशी, वळताना माणूस थबकतो आणि पुढचे पाऊल काही केल्या उचलत नाही. तोच माणूस सायकलवर बसला की कित्येकदा सराईतपणे पायडल मारू लागतो. नेदरलँड्समधील मेंदूविकारतज्ज्ञ बास्टियान ब्लूम आणि त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी २०१० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशाच एका ५८ वर्षांच्या रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. त्याला चार पावले धड टाकता येत नव्हती, पण सायकल तो उत्तम चालवीत होता आणि उतरताच पुन्हा जागी खिळत होता. फिरणारी पायडले पायांना एक ठेका देतात आणि त्या बाहेरच्या ठेक्यावर शरीर हलते, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. कारण काहीही असो, आमच्या घरात हा चमत्कार रोज सकाळी अर्धा तास घडतो.

हे वाचून कोणी आपल्या घरच्या रुग्णाला लगेच सायकलवर बसवू नये, हेही येथेच सांगते. आमच्या डॉक्टरांनी यजमानांचा तोल तपासून, अटी घालून परवानगी दिली आहे. रहदारीच्या रस्त्यावर जायचे नाही, हेल्मेट घालायचे, कोणीतरी सोबत असायचे आणि औषधाचा परिणाम उतरू लागला की सायकल ठेवून द्यायची. या आजारात खरा धोका चढताना, उतरताना आणि थांबताना असतो. म्हणून त्यांची सायकल आडव्या दांडीची नाही, एके काळी 'लेडीज सायकल' म्हणत तशी आहे. सीट इतकी खाली घेतली आहे, की बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीला टेकावेत.

आमची कन्या बेंगळूरुला असते. वर्षातले तीन महिने आम्ही तिच्याकडे राहतो. तिच्या वसाहतीत गाड्या न फिरणारा एक लांब, सपाट रस्ता आहे. पहिल्याच वर्षी प्रश्न आला : सायकल नसताना तीन महिने कसे काढायचे? कन्या म्हणाली, "आई, इथेच दुसरी घेऊ या ना बाबांना." जावयांनी घरात बसून चालवायची व्यायामाची सायकल सुचवली. दोन्ही सूचना रास्त होत्या, आणि ज्यांचा तोल गेलेला आहे त्यांना दुसरीच योग्य. पण हे म्हणाले, "अगं, मला व्यायाम हवा आहेच, पण दाराबाहेर पडून कुठेतरी पोहोचायचंही असतं." शिवाय हाताला ब्रेक कुठे लागतो, पाय कधी टेकतो, हे त्यांच्या शरीराला याच सायकलीचे ठाऊक आहे. नव्या सायकलीवर ते सारे पुन्हा शिकण्याची जोखीम मला घ्यायची नव्हती. रेल्वेच्या सामानाच्या डब्यातून सायकल पाठवता येते आणि ते स्वस्तही पडते. परंतु रात्रभराचा प्रवास आणि धावत्या गाडीतील अरुंद स्वच्छतागृह त्यांना झेपत नाही. तेव्हा विमान ठरले, आणि सायकलीसाठी पिशवी शोधणे माझ्याकडे आले.

बाजारात मला तीन प्रकार दिसले. पहिला, कडक प्लास्टिकची पेटी. संरक्षण उत्तम, पण मला सांगितलेली किंमत २५ हजारांच्या पुढे आणि रिकाम्या पेटीचे वजन ११ किलो. दुसरा, आतून फोमचे अस्तर असलेली चाकांची तयार बॅग. ती ८ ते १२ हजारांत मिळत होती आणि ६-७ किलोंची होती. परंतु या बहुतेक बॅगा दोन्ही चाके काढलेल्या शर्यतीच्या सायकलींच्या मापाने बेतलेल्या असतात. मडगार्ड आणि उंच हँडलची आमची साधी सायकल तीत मावेना. तिसरा, पुठ्ठ्याचा खोका. नव्या सायकली ज्यातून येतात ते खोके दुकानदार टाकूनच देतात. मागितले तर फुकट किंवा शंभर-दोनशे रुपयांत मिळतात. एकदाच जायचे असेल, किंवा सायकलवरून जाऊन विमानाने परतायचे असेल, तर माझ्या मते खोक्यासारखा स्वस्त आणि मस्त उपाय नाही. मात्र त्याला चाके नसतात, धरायला मुठी नसतात, आणि पावसात तो भिजला की त्याचा लगदा होतो. आम्ही जातो ते नेमके जूनमध्ये.

या तिन्हींची तुलना करताना दुकानदार सायकलीच्या सुरक्षिततेविषयी बोलत होते. मी मात्र माझ्या पाठीचा विचार करीत होते. मी सहासष्ट वर्षांची आहे. डेक्सा तपासणीत माझी हाडे विरळ झाल्याचे निघाले आहे. अशा वयात कंबरेत वाकून जड ओझे उचलले, तर मणका दबून त्याला चीर जाऊ शकते, असे डॉक्टरांनी बजावले आहे. घरापासून टॅक्सीपर्यंत, टॅक्सीतून ढकलगाडीवर आणि तिकडे पोहोचल्यावर पुन्हा तेच, अशा निदान चार ठिकाणी ती सायकल उचलावी लागणार होती. हे हात लावायला धावतात, पण त्यांच्या हाताला कंप. स्वमदत गटांत आता काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' असे सुंदर नाव आहे. त्या शुभंकराची कंबर मोडली तर दोघांचाही प्रवास तेथेच संपेल, हे मात्र नावात सांगितलेले नसते.

म्हणून मी हिशेब उलट बाजूने मांडला. देशांतर्गत प्रवासात आम्हाला माणशी १५ किलो, म्हणजे दोघांना ३० किलो सामान नेता येत होते. कॅरिअर आणि टोपली घरी ठेवली की सायकल भरते साडेतेरा किलो. कडक पेटीत घातली तर साडेचोवीस. मग तीन महिन्यांच्या कपड्यांना उरतात साडेपाच किलो, आणि वरच्या प्रत्येक किलोचे पैसे वेगळे. पिशवी साडेतीन किलोंची असेल, तर सगळे १७ किलोंत बसते आणि दोन माणसे, गुडघे वाकवून, ओझे अंगालगत धरून ते उचलू शकतात. किंमत, वजन आणि पाठ या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच निघाले : हलकी, चाकांची, मापाने शिवलेली पिशवी.

पुण्यात रविवार पेठेत आणि बोहरी आळीत फिरले की असल्या वस्तूंचा कच्चा माल मिळतो. तेथून जाड कॅनव्हास, फोमची चादर आणि पोकळ प्लास्टिकचे दोन पत्रे घेतले. आमच्या भागात शाळेच्या बॅगा शिवणारे एक कारागीर आहेत. त्यांच्या दुकानात सायकलच नेऊन उभी केली. पुढचे चाक काढले, हँडल वळवून दांडीला समांतर केले आणि त्या आकारावरून त्यांनी माप घेतले. जुन्या सुटकेसची दोन चाके एका टोकाला बसवली. दोन्ही बाजूंना, वाकावे लागू नये इतक्या उंचीवर, रुंद पट्ट्यांच्या चार मुठी शिवून घेतल्या. तीन बाजूंनी उघडणारी मोठी चेन लावली, कारण सुरक्षा तपासणीत उघडून दाखवा म्हणाले तर दाखवता आले पाहिजे. सगळे मिळून ३,६०० रुपये झाले.

शिवायला घेण्यापूर्वी त्यांनी विचारले, "मावशी, किती वर्षं वापरायची आहे? त्याप्रमाणे कापड लावतो. दहा वर्षं टिकेल असंही आहे." प्रश्न धंद्याचा होता. हे शेजारी स्टुलावर बसले होते. पार्किन्सन्स हा हळूहळू वाढत जाणारा आजार आहे, हे आम्हा दोघांना माहीत आहे. पण दुकानात, कापडाच्या ताग्यासमोर, त्याचा आकडा सांगण्याची वेळ कधी आली नव्हती. मी काही बोलायच्या आत हेच म्हणाले, "तीन-चार वर्षांचं लावा. आणि हलकं लावा, हिला उचलायचं असतं." घरी परतताना आम्ही त्याविषयी बोललो नाही. परंतु महागड्या पेटीचा विषय माझ्या मनातून त्या क्षणी कायमचा गेला. दीर्घ आजारात वस्तू टिकाऊ असण्यापेक्षा आजच्या उपयोगाची असणे महत्त्वाचे, हे त्यांनी माझ्याआधी स्वीकारले होते.

सायकल बांधण्याची आमची रीत आता ठरून गेली आहे. प्रथम सीटच्या दांड्यावर, आहे त्या उंचीला, लाल नेलपॉलिशची रेघ ओढते. दोन सेंटिमीटरही वर गेली तर यांचे पाय टेकणार नाहीत. मगच सीट खाली करते. पायडले काढताना एक लक्षात ठेवावे : डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाच्या दिशेने फिरवला की दोन्ही पायडले सुटतात. पुढच्या चिमट्याच्या दोन पायांमध्ये लाकडाचा ठोकळा अडकवते, म्हणजे दाब आला तरी चिमटा आत दबत नाही. दांड्यांवर एसीच्या नळीला घालतात तो काळा फोम आणि साखळीवर जुन्या धोतराचे फडके. सुटे चाक बाजूला, त्याच्या आसाच्या टोकांवर जुन्या रबरी चपलेच्या चकत्या. टायरमधील हवा कमी करते, कारण विमान कंपन्या तसे सांगतात. पाने, स्क्रू ड्रायव्हर सायकलीबरोबरच ठेवते. हातातल्या सामानात ते चालत नाहीत.

तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीला फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात : सायकलीला वेगळे शुल्क आहे का, पिशवीच्या लांबी-उंचीला मर्यादा आहे का, आणि एकत्र तिकिटावरील दोघांचे वजन एकत्र धरतात का. चाकांची खुर्ची, वॉकर ही साधने विनाशुल्क नेता येतात. सायकल मात्र यांच्यासाठी चालण्याचे साधन असली, तरी कंपनीच्या लेखी क्रीडासाहित्यच असते. तेथे वाद घालून उपयोग नाही, शुल्क आधीच हिशेबात धरावे. चाकांच्या खुर्चीची मदत किमान ४८ तास आधी नोंदवावी. मोठे सामान वेगळ्या खिडकीवर घेतात आणि उतरल्यावर ते नेहमीच्या पट्ट्यावर न येता वेगळ्या ठिकाणी मिळू शकते, तेव्हा तेथील कर्मचाऱ्यांना आधीच विचारून ठेवावे.

बॅटरीवर चालणारी सायकल अनेक ज्येष्ठ आता वापरतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की १६० वॉट-अवरपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला अशा सायकलीसोबत नेता येत नाही, आणि या सायकलींच्या बॅटऱ्या बहुधा त्याहून मोठ्याच असतात. चाकांच्या खुर्चीच्या बॅटरीला वेगळे नियम आहेत. आणि औषधे कधीही मोठ्या सामानात टाकू नयेत. यांची लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळी गेली नाही तर सगळा दिवस बिघडतो. तिचे दोन दिवसांचे डोस माझ्या पर्समध्ये असतात. इन्शुलिन घेणाऱ्यांनीही ते हातातच ठेवावे, सामानकक्षातील थंडीत ते गोठू शकते.

पोहोचल्यावर जोडणीची घाई करू नये. जावई आणि वसाहतीजवळचा सायकलवाला दुसऱ्या दिवशी सायकल जोडतात, ब्रेक दोनदा तपासतात, सीट लाल रेघेवर आणतात. मोकळी झालेली पिशवी घडी होऊन पलंगाखाली जाते. कडक पेटी असती, तर तीन महिने कन्येच्या दिवाणखान्यात पाहुण्यासारखी उभी राहिली असती.

नवी वस्तू घेण्याआधी शेजारपाजारी विचारावे, असेही सुचवीन. पुण्यात सायकलप्रेमींची कमी नाही, आणि अनेकांच्या माळ्यावर अशा बॅगा वर्षातले अकरा महिने पडून असतात. त्या आनंदाने उसन्या मिळतात. मात्र उसनी असो वा विकतची, आधी ती भरून, ज्याला उचलायची आहे त्याच्याकडून एकदा उचलून पाहावी. जमली नाही तर ती कितीही स्वस्त असली, तरी आपल्याला महाग आहे.

आमच्या पिशवीच्या आतापर्यंत तीन फेऱ्या झाल्या. या वर्षी डॉक्टरांनी तीनचाकीचा विचार करून ठेवा, असे सुचवले आहे. ती या पिशवीत मावणार नाही. पण जूनची तिकिटे काढली आहेत, आणि चेनला मेण लावून ठेवले आहे.