खाडिलकरांच्या घरातला पट

नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या घराण्यात लेखणी वारशानेच चालत आली. त्यांनी १९२३ मध्ये सुरू केलेला ‘नवाकाळ’ पुढे नातू नीलकंठ यांनी गाजवला. नीलकंठरावांच्या तीन मुलींच्या हाती मात्र लेखणीआधी आली ती प्यादी.

१९७४ मध्ये बंगळुरूला महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली आणि त्यांच्यातल्या वासंतीने ती जिंकली. मग जयश्री, मग धाकटी रोहिणी. वर्षानुवर्षं हे विजेतेपद बहिणीबहिणींतच फिरत राहिलं. घरी एकत्र सराव करायचा आणि स्पर्धेत एकमेकींनाच शह द्यायचा, हे मोठं अवघड प्रेम असणार.

१९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. भारतात असं आधी कोणत्याही मुलीने केलं नव्हतं. गदारोळ झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स युवे होते, १९३५ मध्ये अलेखिनला हरवून जगज्जेते झालेले. स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. रोहिणी त्या स्पर्धेत नुसती बसून आली नाही; पुरुष विजेत्यांनाही तिने हरवलं.

पुढे पाच राष्ट्रीय विजेतेपदं, १९८० चा अर्जुन पुरस्कार आणि १९८१ मध्ये हैदराबादला आशियाई अजिंक्यपद. तिथे बारा डावांत साडेअकरा गुण, म्हणजे एकच बरोबरी! त्यानंतर लेखणीने तिला परत बोलावलं आणि ती ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाची संपादक झाली.

आज तुळजापूरची किंवा परंड्याची एखादी मुलगी खुल्या गटात मुलासमोर पट मांडते, तेव्हा तिला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. या सवयीच्या झालेल्या गोष्टीमागे एका शाळकरी मुलीचा हट्ट आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

मुलींचा हा पट पुढे कुठवर पोचला, ते पाहा. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषक खेळली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. उपांत्य फेरीत माजी जगज्जेत्या तान झोंगयीविरुद्धचा डाव १०१ चालींपर्यंत तिने ओढला आणि जिंकला. अंतिम फेरीत समोर तिच्या दुप्पट वयाची कोनेरू हंपी. पारंपरिक डाव बरोबरीत, जलद गतीचा पहिला डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळाच्या रेट्यात हंपी चुकली आणि दिव्याने तो डाव सोडला नाही. त्या विजयानेच ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली.