भल्या माणसांच्या गावात

'परी' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चंदेरी पंख, झुळझुळीत फ्रॉक, हातात छडी. आयर्लंडला जाताना ही इमेज घरीच ठेवून जा. इथल्या पऱ्या म्हणजे एक नंबरच्या खोडकर! आणि त्यांना तोंडावर 'परी' म्हणायचं नाही, राग येतो. 'भली माणसं' म्हणायचं.

शॅननला उतरून गॉलवेच्या रस्त्याला लागलात, की क्लेअर परगण्यात लाटूनजवळ हॉथॉर्नचं एक काटेरी झुडूप लागतं. दिसायला अगदी साधं. पण १९९९ मध्ये नव्या रस्त्यासाठी ते तोडायचं ठरलं, तेव्हा एडी लेनिहान हे गोष्टी सांगणारे गृहस्थ आडवे आले. मन्स्टरच्या पऱ्या कॉनॉटच्या पऱ्यांशी लढायला निघाल्या की इथे जमतात, झुडूप तोडलंत तर रस्त्यावर अपघात होतील, असं त्यांचं म्हणणं. पेपरांत बातम्या झळकल्या आणि झुडूप चक्क वाचलं! २००२ मध्ये कुणीतरी त्याच्या फांद्या छाटल्या, तरी त्याला पुन्हा पालवी फुटली.

तिथून जवळच मी एका शेतावरच्या घरात मुक्काम केला. मालकीणबाई सत्तरीच्या. ब्रेकफास्टबरोबर गोष्टी फ्री! पूका काळ्या घोड्याचं रूप घेतो, वाटसरूला पाठीवर बसवून रात्रभर काट्याकुट्यांतून उधळतो आणि पहाटे चिखलात फेकतो. हॅलोविननंतर रानातल्या ब्लॅकबेरी खायच्या नाहीत, पूका त्यांवर थुंकलेला असतो. भारलेल्या ढेकळावर पाय पडला, तर स्वतःच्याच शेतातून बाहेरची वाट सापडत नाही. आपला चकवाच की! उपाय सोपा, कोट उलटा करून घालायचा.

ही सगळी त्यांच्या पणजीची पुंजी. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या सुमारे ५० हजार शाळकरी मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून अशा गोष्टी वह्यांत उतरवल्या. बाईंची आई त्यांतलीच एक. त्या वह्या आता इंटरनेटवर आहेत. बाईंनी टॅबवर पान उघडून दाखवलं. वळणदार अक्षर, पूकाची गोष्ट आणि खाली सांगणारीचं नाव, गाव, वय.

नुसती गंमत वाटते ना? पण बाईंच्या शेताच्या मधोमध मातीच्या बांधाचं एक जुनं गोल रिंगण आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या वस्तीची खूण. देशभरात अशी ४० हजारांच्या वर आहेत आणि लोक त्यांना पऱ्यांचे किल्ले मानतात. आज कायदा त्यांना जपतो. आधी फक्त गोष्टीच होत्या. बाईंच्या वडिलांनी हलाखीच्या वर्षांतही तेवढ्या तुकड्यावर नांगर घातला नाही.

आता शेत मुलाच्या नावावर होतंय. तो डब्लिनला सॉफ्टवेअरमध्ये. ''रिंगणाला हात लावू नकोस हं,'' बाईंनी फोनवर बजावलं.

''वेडा आहे का मी!'' तो म्हणाला म्हणे.