घरातील उलटतपासणी

मुलांच्या शिक्षणाची काळजी वाहणे हा आईबापांचा धर्म आहे, हे आपल्या समाजात कोणासही पटवून द्यावे लागत नाही. २००२ साली झालेल्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. पुढे शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेतील मारहाण व मानसिक छळ यांस मनाई केली. परंतु संध्याकाळी दप्तर कोपऱ्यात ठेवून मूल घरात आले म्हणजे त्याच्याशी कसे बोलावे, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही.

न्यायालयात वावरताना प्रश्नांच्या जाती ओळखण्याची सवय आम्हां वकिलांस लागते. ज्या प्रश्नाच्या पोटातच अपेक्षित उत्तर दडलेले असते, त्यास सूचक प्रश्न म्हणतात. आपल्या साक्षीदारास तो विचारू लागल्यास प्रतिपक्ष हरकत घेतो. प्रतिपक्षाच्या साक्षीदारास मात्र उलटतपासणीत तो खुशाल विचारता येतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील हा नियम १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. आता घरातले प्रश्न आठवून पाहावेत. "अभ्यास झाला ना?" "पेपर सोपा होता ना?" उत्तर आपणच तोंडात घातलेले असते, मूल बिचारे "हो" म्हणून मोकळे होते. पोटच्या मुलास आपण नकळत प्रतिपक्षाचा साक्षीदार करून टाकतो.

निकालाच्या दिवसांत तर पालखीची वाट पाहत सभामंडपात बसलेल्या मुलालाही सुटका नसते. आप्तेष्ट आधी टक्के विचारतात. मूल तोंड उघडण्यापूर्वी आईबाप ओशाळून उत्तर देतात, आणि लगेच शेजारच्या मुलाचा आकडा निघतो. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे रक्षण करण्यासाठी २०१२ साली झालेला कायदा येथे आठवतो. साक्ष देणाऱ्या बालकास वकिलाने थेट प्रश्न न विचारता ते न्यायाधीशांमार्फत विचारावेत, त्यास वरचेवर विश्रांती द्यावी, विश्वासातले माणूस जवळ असू द्यावे, आणि आक्रमक प्रश्न होऊ देऊ नयेत, असे तो सांगतो. सभामंडपातल्या मुलाजवळही विश्वासातली माणसे असतात; पण तीच तपासणी करीत असतात.

माझी आई चौथीपलीकडे शिकलेली नव्हती. तांदूळ निवडता निवडता ती मला इतिहासाचा धडा मोठ्याने वाचावयास सांगे आणि मध्येच विचारी, "तह म्हणजे काय रे?" तिला ते खरोखरच ठाऊक नसे. सांगू लागलो की मलाही ते पुरते समजलेले नाही, हे ध्यानात येई, आणि मी मागचे पान उलटी. वडील गुणपत्रिकेवर सही करीत आणि शाई वाळेपर्यंत एवढेच विचारीत, "यंदा कोणता विषय आवडला?" माझे गुण फार होते असे नव्हे, पण गुणपत्रिका लपवावी, असे कधी मनात आले नाही.

या शेवटच्या गोष्टीचे मोल मोठे आहे. उलटतपासणी उणे शोधण्यासाठी असते, विचारपूस माणूस समजून घेण्यासाठी. जे मूल कमी गुण लपवावयास शिकते, ते पुढे वर्गातला छळही लपविते, आणि स्वतःच्या मनात दाटलेला अंधारही. गुण पुढल्या परीक्षेत वाढू शकतात. भीतीने मिटलेले तोंड तितक्या सहज उघडत नाही. म्हणून निकालाच्या दिवशी देवापुढे नारळ ठेवण्यापूर्वी घटकाभर मुलाजवळ बसावे, ज्याचे उत्तर आपणांस ठाऊक नाही असा एक तरी प्रश्न त्याला विचारावा, आणि त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत आपण गप्प राहावे.