चार घरं आणि न सांगितलेल्या तारखा



नवीन घरात येऊन आता बरेच दिवस झाले. मंदिरात दोघीतिघींनी विचारलं, "घर विकून दुसरं घेताना तारखा कशा जुळवल्या, ते एकदा लिहा की." मीही लिहिते लिहिते म्हणत होते, पण टाळत होते. कारण ही गोष्ट खरी लिहायची तर त्यात माझी चूकही लिहावी लागते.

आमचं जुनं घर गोखिवऱ्यातच, चौथ्या मजल्यावर. एक खोली, हॉल, किचन. कोल्हापूरहून सासूबाई कायमच्या आमच्याकडे आल्या, मुलगा दहावीला गेला, आणि जागा पुरेना. तलावाच्या बाजूलाच एका काका-काकूंचा दोन खोल्यांचा फ्लॅट विकायचा होता. पण आमचं विकल्याशिवाय ते घेणं शक्य नव्हतं. आमच्या घराला गिऱ्हाईक मिळालं ते नालासोपाऱ्यातलं एक तरुण जोडपं. त्यांची स्वतःची चाळीतली खोली होती, ती विकून ते आमचं घेणार. आणि काका-काकू मीरा रोडला नवीन इमारतीत बुक केलेल्या फ्लॅटमध्ये जाणार.

म्हणजे बघा, नालासोपाऱ्याची खोली, आमचं घर, काकांचं घर आणि मीरा रोडचा नवा फ्लॅट, अशी चार घरं एका दोरीत ओवलेली. वरचं घर रिकामं होईपर्यंत खालच्याने हलायचं नाही. ब्रोकर म्हणाला, "काही टेन्शन नाही, एकाच दिवशी सगळ्यांच्या चाव्या फिरवू." आम्ही विश्वास ठेवला. अक्षय्य तृतीयेला टोकन घेतलं आणि दिलंही. भगवान आदिनाथांच्या पारण्याचा दिवस, याहून चांगला मुहूर्त कोणता?

जूनमध्ये साठेखतं नोंदवली. तारीख ठरली 15 जुलै. सगळ्यांना चालणारी.

ती सगळ्यांना का चालली, हे मात्र कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं. माझं कारण सासूबाई. आषाढी चतुर्दशीला चातुर्मास बसला की त्या घर हलवू देणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. पावसाळ्यात जीवजंतू फार, कपाटं-पेट्या ओढताना किती चिरडले जातील, म्हणून त्यांचा तो नियम. ही अडचण मी ब्रोकरला सांगितली नाही. सांगितली तर समोरचे आपली घाई ओळखून भाव पाडतील, असं वाटलं.

जूनच्या शेवटी काकूंचा फोन आला. आवाज अगदी बारीक. "अगं, आमच्या इमारतीला ओसी आलेली नाही. बिल्डर आता गणपतीनंतर म्हणतोय. तू कुणाला बोलू नकोस, हे चिडतील." ओसी म्हणजे इमारत राहण्याजोगी झाल्याचा महापालिकेचा दाखला. तो नसताना पझेशन घेणं योग्य नाही, आणि काकांची बँकही शेवटचा हप्ता सोडत नव्हती.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅससमोर नुसती उभी राहिले. आता नालासोपाऱ्याच्या त्या मुलीला लगेच कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. ते व्यवहार मोडतील, टोकन परत मागतील, ही भीती. ब्रोकर म्हणाला, "वहिनी, आत्ता काही बोलू नका, होईल मॅनेज." मला तेच ऐकायचं होतं. तिचा फोन आला तेव्हा म्हटलं, "थोडं मागेपुढे होईल कदाचित." खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

त्यांनी माझ्या शब्दावर विसंबून 15 जुलैला आपली खोली दुसऱ्याच्या ताब्यात दिली. द्यावीच लागली, त्यांच्या पुढच्या गिऱ्हाइकालाही तारीख दिलेली होती. मग सामान वालीवला ओळखीच्या एका गाळ्यात टाकलं आणि नवरा-बायको दिराच्या एका खोलीच्या घरी राहायला गेले. एका खोलीत सहा माणसं. त्याच महिन्यात जोराचा पाऊस झाला, गाळ्यात पाणी शिरलं, गाद्या आणि लाकडी कपाटाचा खालचा भाग गेला. आपल्याकडच्या पावसाचं मी तुम्हाला काय सांगू? 2018 च्या जुलैमध्ये रुळांवर पाणी येऊन वसई-विरारची लोकल बंद पडली होती, तेव्हापासून आपण सगळ्याच जून आला की खालच्या कप्प्यातलं सामान वर ठेवतो. तिचं सामान वर ठेवायला मात्र तिला घरच नव्हतं.

त्यानंतर तिचा फोन आला की मी ह्यांच्याकडे द्यायचे. हे म्हणायचे, "ती देवळात गेलीय." असे दोन महिने गेले.

मग दशलक्षण पर्व आलं. तुम्हाला माहीतच आहे, तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा: मनात जे, तेच बोलण्यात, आणि तेच करण्यात. दरवर्षी ऐकतो आपण हे. त्या दिवशी प्रवचनात आर्जवाचा अर्थ सुरू झाला आणि मला पुढचं काही ऐकूच येईना. माझं एकाशन चाललं होतं, पूजा रोज होत होती, तत्त्वार्थसूत्राचा रोजचा अध्याय चुकत नव्हता. आणि इकडे एका बाईचा फोन मी दोन महिने उचलला नव्हता.

घरी येऊन आधी सासूबाईंना सगळं सांगितलं. मग त्या मुलीला फोन लावला. काकूंनी जूनमध्ये काय सांगितलं, मी ते का लपवलं, सगळं बोलले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वहिनी, मला सातवा महिना लागलाय. तुम्हाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, आपली गरज कळली तर तुम्ही भाव वाढवाल."

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी काय वाटलं, ते लिहिता येत नाही. आम्ही दोघी एकमेकींना घाबरून एकच चूक करत होतो. फक्त तिच्या लपवण्याचा त्रास तिलाच झाला, आणि माझ्या लपवण्याचाही तिलाच.

सासूबाई सगळं ऐकत होत्या. मी फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "चातुर्मासात हलायचं नाही, ते हिंसा टळावी म्हणून. पोटुशी बाई वणवण फिरतेय आणि आपण नियम सांभाळत बसलो, तर तो नियम कशाचा? तू भाड्याचं घर बघ. सामान मी जपून बांधते."

त्याच रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये सगळे बसलो. काका-काकू, ते जोडपं, आम्ही. ब्रोकरला मुद्दाम बोलावलं नाही. बिनकांद्याचे पोहे आणि चहा केला. मी म्हटलं, "आज पैशाचं नंतर बोलू. आधी प्रत्येकाने आपली खरी तारीख सांगायची, आणि तीच का, तेही सांगायचं."

काकूंनी डोळे पुसत सांगितलं की टोकन घेतलं तेव्हा त्यांच्या इमारतीत लिफ्टसुद्धा बसली नव्हती. तिने सांगितलं, आठव्या महिन्याच्या आत घर लावून व्हायला हवं, आणि सासरचे पितृपक्षात नवीन घर घेऊ देणार नाहीत. मी चातुर्मासाचं सांगितलं. इतके महिने जे सुटत नव्हतं, ते दीड तासात सुटलं. ठरलं ते असं:

आम्ही काकांच्या घराची वाट न बघता आमचं घर रिकामं करायचं आणि आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर रिकाम्या असलेल्या घरात भाड्याने जायचं. त्या जोडप्याला घटस्थापनेला घर मिळायचं. भाडं महिना 12,000. उशीर काकांकडून होता म्हणून अर्धं भाडं त्यांनी शेवटच्या रकमेतून कमी करायचं. गाळ्यात भिजलेल्या सामानाबद्दल आम्ही आमच्या किमतीतून 20,000 सोडले. ह्यांना ते जरा जड गेलं. पण नुकसान आमच्या गप्प बसण्याने झालं होतं. हे सगळं वकिलांकडून लिहून घेतलं आणि सगळ्यांनी सह्या केल्या.

पितृपक्षात आम्ही चौथ्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर आलो. सासूबाईंनी प्रत्येक खण हाताने रिकामा केला, मऊ कुंचीने झाडला, मुंग्या दिसल्या की थांबल्या. हमाल कंटाळून गेले. चार तासांच्या कामाला दोन दिवस लागले. लागू देत.

क्षमावाणीच्या दिवशी मी तिला फोन करून क्षमा मागितली. ती म्हणाली, "वहिनी, ते तुमच्या धर्माचं मला काही कळत नाही. पण पुढची तारीख हलली, तर आधी मला फोन करा. बस."

आणि तारीख हललीच! घटस्थापना गुरुवारी, आणि बुधवारी दुपारी बँकेतून कळलं की चेक तयार व्हायला मंगळवार उजाडेल. माझ्या पोटात गोळा आला. पण या वेळी ह्यांना विचारण्याआधीच मी तिला फोन केला. पैसे आल्याशिवाय ताबा देऊ नका, असं वकिलांनी बजावलं होतं. तेही तिला जसंच्या तसं सांगितलं. मग आम्ही दोघींनीच मार्ग काढला. तिने घटस्थापनेला येऊन कलश बसवायचा, दिवा लावायचा. सामान आणि चावी मंगळवारी, खरेदीखत झाल्यावर.

ते पाच दिवस त्या रिकाम्या घरातल्या अखंड दिव्याला सकाळ-संध्याकाळ तेल घालायला मी जात होते. चिलटं-पाखरं पडू नयेत म्हणून मी त्यावर आमच्याकडची काचेची चिमणी ठेवली. मंगळवारी ती आली, चिमणीकडे बघितलं आणि म्हणाली, "ही राहू दे का इथेच?" म्हटलं, राहू दे. दिवाळीनंतर तिला मुलगी झाली. काकांच्या इमारतीची ओसी नोव्हेंबर सरता सरता आली, आणि मार्गशीर्षात आम्ही इथे आलो.

आता ज्या कुणी अशा दोरीत अडकणार असाल, त्यांच्यासाठी मी शिकलेल्या चार गोष्टी.

पहिली: साठेखत म्हणजे घर झालं असं समजू नका. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे साठेखताने मालकी मिळत नाही, नोंदवलेल्या खरेदीखताने मिळते. म्हणून ताब्याची तारीख आणि ती चुकली तर भाडं कोण भरणार, दोन्ही साठेखतातच लिहून घ्या. आम्ही ते सप्टेंबरात लिहिलं; जूनमध्येच लिहायला हवं होतं.

दुसरी: समोरचा नव्या इमारतीत जाणार असेल, तर ओसी आली का, हे पहिल्याच भेटीत विचारा. महारेराच्या वेबसाईटवर प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख कुणालाही बघता येते. मोबाईलवर पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी: तुमच्या घरावर कर्ज असेल, तर मूळ कागद बँकेकडे असतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर ते 30 दिवसांत परत द्यायचे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. पण तारखा ठरवताना हे 30 दिवस धरूनच चाला.

चौथी: मध्ये काही महिने भाड्याने राहायचं झालं, तरी लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदवलेलाच करा. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसं बंधन आहे. आमच्या मालकाला अकरा महिन्यांचाच करार हवा होता. आम्ही तो केला, फक्त एक महिन्याची नोटीस देऊन सोडता येईल अशी अट घातली. थोडक्या दिवसांसाठी घर हवं असेल तर हे उपयोगी पडतं.

आणि शेवटची गोष्ट वकील सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. उशीर कुणाच्याच हातात नसतो; बिल्डर, बँक, पाऊस, पंचांग, सगळे आपापल्या वेळेने चालतात. पण उशीर होणार हे आपल्याला कळल्यापासून पुढच्या माणसाला कळेपर्यंतचा वेळ, तो पूर्ण आपल्याच हातात असतो. माझ्या हातून त्यात अडीच महिने गेले. तुमच्या हातून एक तासही जाऊ देऊ नका.

या पर्वात कुणाला माझ्याकडून वेडंवाकडं बोललं गेलं असेल, किंवा बोलायचं ते बोललं गेलं नसेल, तर उत्तम क्षमा.

जय जिनेंद्र.