तापलेली मोटार आणि ओले फडके



चैत्र संपत आला की आपल्या तापीकाठच्या मुलखात ऊन म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. पारा ४२-४३ अंशांवर जातो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि घरोघरी माठ येतो. या दिवसांत आम्हांला हटकून आठवते ती जुन्या पेट्रोल मोटारींची एक खोड. मिस्त्री लोक तिला ‘व्हेपर लॉक’ म्हणत. आजच्या मुलांनी ती पाहिलेली नाही. पण विज्ञानाच्या पुस्तकातला एक अख्खा धडा तिच्यात सापडतो, म्हणून यंदा तिच्याविषयीच चार शब्द लिहीत आहोत.

त्या काळी रस्त्यावर मुख्यतः दोन मोटारी दिसत. एक बंगालमधल्या उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर, दुसरी मुंबईच्या कुर्ल्याची फिएट, जिला पुढे प्रीमियर पद्मिनी म्हणू लागले. ही पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केली, हे आपल्या मराठी मुलांनी अवश्य लक्षात ठेवावे. ॲम्बेसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून निघाली. आता या गाड्या बहुधा हौशी लोकांच्या घरी किंवा एखाद्या वरातीत दिसतात.

आता ती खोड काय ते पाहू. या गाड्यांची पेट्रोलची टाकी मागे आणि इंजिन पुढे. पेट्रोल पुढे आणण्यासाठी इंजिनाच्या अंगालाच एक पंप बसवलेला असे. मिस्त्री त्याला ‘एसी पंप’ म्हणत. त्यात एक लवचीक पडदा खालीवर होई आणि टाकीतले पेट्रोल नळीतून ओढून कार्बोरेटरला पोचवी. पाणी १०० अंशांवर उकळते हे आपण पाठ करतो. पेट्रोल मात्र अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके भाग ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. त्यात पंप पेट्रोल ओढतो म्हणजे नळीतला दाब कमी करतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी लवकर उकळतो. मग तापलेल्या नळीत पेट्रोलाच्या जागी वाफेचे बुडबुडे होतात. पंप द्रव ओढण्यासाठी केलेला. वाफ नुसती दबते आणि फुगते, पुढे सरकत नाही. टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी राहते.

याची नेमकी वेळही ठरलेली असे. घाट चढून आलेली गाडी चहापाण्यासाठी दहा मिनिटे थांबवावी आणि मग ती सुरूच होऊ नये. कारण इंजिन बंद झाले की पंखा थांबतो, पाण्याचे फिरणे थांबते, नळीतून येणारे ताजे पेट्रोलही थांबते. सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडून राहते.

१९८५ च्या मे महिन्यात आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. आजीचे दुखणे बळावले होते आणि तिला इंदूरला न्यायचे होते. मामांच्या पेट्रोल मोटारीतून आम्ही बऱ्हाणपूरहून सकाळी निघणार होतो, पण निघता निघता दुपार झाली. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. सुरई सांभाळायला म्हणून आम्हांला सोबत घेतले होते. असीरगडच्या चढावर आजीला मळमळू लागले म्हणून मामांनी गाडी थांबवली, आणि ती पुन्हा सुरू होईना. मामा सेल्फ मारत राहिले. आवाज मंदावत गेला. मागे आजी कण्हत होती, आई पदराने वारा घालत होती. सावलीला एक पळस तेवढा होता.

तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरून म्हणाला, “भाईसाहब, सेल्फ मत मारो, बैटरी बैठ जाएगी। पहले माताजी को छाँव में बिठाओ।” आजीला पळसाखाली बसवल्यावर त्याने बॉनेट उघडले आणि पंपावर बोट ठेवून मामांना दाखवले. ट्रकच्या पुढे टांगलेल्या छागलीतले पाणी त्याने आपल्या गमछ्यावर ओतले आणि तो ओला गमछा पंपाला आणि नळीला गुंडाळला. सुकू लागला की पुन्हा थोडे पाणी. पंधरा-वीस मिनिटांनी त्याने मामांना सेल्फ मारायला सांगितले. दुसऱ्या खेपेला इंजिन लागले. त्याने पैसे घेतले नाहीत, गमछा पिळला आणि निघून गेला. दिवे लागायच्या वेळेला आजी दवाखान्यात पोचली. तिथून ती बरी होऊन आली आणि पुढे आणखी नऊ वर्षे आमच्यात राहिली.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. पुढच्या वर्षी पुस्तकात ‘वाष्पन’ आणि ‘गुप्त ऊष्मा’ हे शब्द आले तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे तो गमछाच आला. मराठी पुस्तकांत यालाच बाष्पीभवन आणि अप्रकट उष्मा म्हणतात. १०० अंशांवर एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी उष्णता लागते, कमी तापमानाला तर थोडी जास्तच. ती उष्णता पाणी जवळच्या वस्तूतून घेते. फडके पंपाची घेते, छागलीचे कापड आतल्या पाण्याची घेते, माठही तेच करतो. गंमत पाहा, पेट्रोलाच्या वाफेने गाडी अडली आणि पाण्याच्या वाफेने ती सुटली!

कोणाच्या घरी जुनी मोटार असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. गाडी अडली तर आधी म्हातारी माणसे आणि लहान मुले सावलीत न्यावीत. बॉनेट उघडे ठेवून वाट पाहावी. ओले फडके फक्त पंपावर आणि नळीवर ठेवावे. तापलेल्या इंजिनावर पाण्याची बादली ओतू नये, धातूला तडा जाऊ शकतो. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. जवळ विडी-काडी नको. आणि पेट्रोलाचा उग्र वास येत असेल तर हे दुखणे उलटे समजावे. कार्बोरेटरमधले पेट्रोल उकळून इंजिनात जास्त झालेले असते. तेव्हा चोक न ओढता, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा.

नव्या गाड्यांत पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणून ही खोड बहुतेक गेली. जुन्या गाड्यांना मात्र एक नवी काळजी आहे. २०२५ पर्यंत आपल्या देशात पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले. इथेनॉल एकटे ७८ अंशांवर उकळते, पण पेट्रोलात मिसळले की मिश्रण अधिक सहज उडते. शिवाय जुने रबर त्याने लवकर खराब होते. म्हणून पंपाचा पडदा आणि नळ्या उन्हाळ्याआधी तपासून घ्याव्यात.

तो ट्रकचालक किती शिकलेला होता हे आम्ही विचारले नाही. त्याला कॅलरीचा हिशेब कदाचित सांगता आला नसता, पण उष्णता कुठे अडली आहे आणि ती कशाने निघेल हे तो जाणत होता. आमच्या वर्गांत पुष्कळदा याच्या उलट दिसते. व्याख्या तोंडपाठ असते, पण घरचा माठ पाण्याला गार का करतो असे विचारले तर मूल गप्प बसते. पुस्तक आणि रस्ता यांच्यातली ही वाट मोकळी करणे हेच आम्हा शिक्षकांचे काम आहे.

तेव्हा धूलकोटच्या सर्व मुलांना या सुट्टीचा एक अभ्यास. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच पाणी घ्या. एकीला ओले सुती फडके गुंडाळा. दोन्ही सावलीत, वाऱ्याला ठेवा. तासाभराने हात लावून पाहा, थर्मामीटर मिळाल्यास आकडे लिहा. शाळा उघडल्यावर पावसाळी हवेत हाच प्रयोग आपण वर्गात पुन्हा करू. तेव्हा फरक कमी का पडतो, याचे उत्तर स्वतः शोधून वहीत लिहून आणा.